शेक्सपिअरचे जपानी प्रयोग : इमान संहितेशी की प्रेक्षकाशी?

१९११ सालच्या मे महिन्यात टोकियोच्या इम्पीरियल थिएटरमध्ये ‘हॅम्लेट’ जपानी भाषेत सादर झाले. पाश्चात्त्य धर्तीचे हे नाट्यगृह त्याच वर्षी उघडले होते, आणि भाषांतर होते त्सुबोउची शोयो यांचे, म्हणजे त्या काळच्या जपानमधील सर्वांत मोठ्या शेक्सपिअर-अभ्यासकाचे. (जपानी नावांत आडनाव आधी येते, या लेखातही तोच क्रम ठेवला आहे.) हा प्रयोग पाहून कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी वृत्तपत्रात एक परीक्षण लिहिले. सोसेकी काही ऐरेगैरे टीकाकार नव्हते. ते दोन वर्षे लंडनमध्ये राहिले होते आणि टोकियोच्या विद्यापीठात त्यांनी शेक्सपिअर शिकवला होता. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की त्सुबोउचींनी शेक्सपिअरशी इतके इमान राखले की त्यात जपानी प्रेक्षकाशी बेइमानी झाली. त्यांनी एकतर निष्ठावंत भाषांतरकार राहून प्रयोगाचा नाद सोडायला हवा होता, किंवा प्रयोगच करायचा होता तर बेइमान रूपांतरकार व्हायला हवे होते.

परक्या भाषेतले अभिजात नाटक आपल्या रंगमंचावर आणताना येणारा पेच यापेक्षा नेमकेपणाने क्वचितच कोणी मांडला असेल. तरीही सोसेकींनी पुढे ठेवलेले दोनच पर्याय मला पटत नाहीत. जपानमध्ये शेक्सपिअरचे प्रयोग गेली सुमारे १४० वर्षे होत आहेत, आणि त्यांतले जे सर्वांत लक्षात राहिले त्यांनी ‘सगळे राखा’ किंवा ‘सगळे बदला’ यांपैकी एकही वाट धरलेली नाही. कोणी शब्द ठेवले आणि दृश्य बदलले, तर कोणी कथा ठेवून बोलण्याचालण्याची सगळी रीतच पालटली. काय बदलायचे आणि काय जसेच्या तसे ठेवायचे, या निवडीतच अशा प्रयोगाचे सारे कसब असते, आणि ती निवड समजली की वरवर विचित्र वाटणारे प्रयोगही उलगडू लागतात.

आधी आले ते रूपांतर

१८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर जपानने पाश्चात्त्य विद्या झपाट्याने आत्मसात करायला घेतली आणि तिच्याबरोबर शेक्सपिअरही आला. रंगमंचावर पोहोचलेले त्याचे पहिले नाटक म्हणजे ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’. १८८५ साली ओसाका शहरातील एबिसु-झा या नाट्यगृहात त्याचा काबुकी, म्हणजे जपानच्या जुन्या लोकप्रिय नाट्यप्रकारातला, अवतार सादर झाला. या अवताराच्या मुळाशी शेक्सपिअरची संहिता नव्हती, तर चार्ल्स आणि मेरी लॅम या भावंडांनी मुलांसाठी सांगितलेली तिची गोष्ट होती. उदागावा बुन्काई यांनी त्या गोष्टीवरून जपानी कादंबरी लिहिली आणि कादंबरीचे पुढे नाटक झाले. नाव काव्यमय होते. साधारण अर्थ सांगायचा तर, ‘चेरीच्या बहरातले पैशाचे जग’. ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यातले वैर जपानी प्रेक्षकाच्या अनुभवात कुठेच नसल्यामुळे ते गळून पडले. उरला तो लोभी सावकार, कर्जाचा करार आणि त्या कराराचा कायदेशीर अर्थ. नवे कायदे आणि नवे व्यवहार शिकत असलेल्या समाजाला यातले नाट्य समजावून सांगावे लागले नाही.

आजच्या नजरेला ही मोडतोड वाटेल, पण काबुकीच्या लेखकांना ती तशी वाटण्याचे कारण नव्हते. काबुकीत नाटक रचण्याची एक जुनी रीत होती. प्रेक्षकाला आधीपासून माहीत असलेले एखादे ‘जग’ घ्यायचे, म्हणजे ऐतिहासिक घराणे, गाजलेले युद्ध किंवा प्रसिद्ध सूडकथा, आणि त्यात एखादी नवी क्लृप्ती गुंफायची. नाटककाराचे कौतुक कथा कोरी असण्याबद्दल होत नसे. जुन्या जगात नवी क्लृप्ती किती सफाईने बसली, हे पाहिले जाई. त्यामुळे व्हेनिसच्या व्यापाऱ्याला ओसाकात आणणे हे त्यांच्या लेखी नित्याचेच काम होते. खुद्द शेक्सपिअरही इटालियन कथा आणि इंग्लंडच्या बखरी घेऊन हेच करत असे, ही गोष्ट जपानी रूपांतरांवर टीका करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

१९०३ साली कावाकामी ओतोजिरो यांनी केलेले ‘ऑथेल्लो’ याहून पुढे जाते. व्हेनिसच्या जागी टोकियो आले आणि सायप्रसच्या जागी तैवानजवळची बेटे. १८९५ पासून तैवान जपानच्या ताब्यात होते, त्यामुळे वसाहतीचा कारभार पाहायला गेलेला सेनापती ही व्यक्तिरेखा प्रेक्षकांना वर्तमानपत्रातून रोज भेटत होती. मूळ नाटकात ऑथेल्लोचा वर्ण त्याला परका ठरवतो. जपानी सेनापती वाशिरो मात्र जपानीच आहे. पण पूर्वी अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजातून तो आल्याची कुजबुज त्याच्यामागे चालू असते. म्हणजे वंशभेदाची जागा जन्मावरून होणाऱ्या भेदाने घेतली. या एका बदलात रूपांतरकाराची खरी बुद्धी दिसते. पात्राचा रंग आणला नाही, पण त्या रंगामुळे समाजात त्याची जी अवस्था होते ती आणली.

याच प्रयोगात डेस्डेमोनाची, म्हणजे ऑथेल्लोच्या पत्नीची, भूमिका कावाकामी यांची पत्नी सादायाक्को हिने केली. १६२९ साली स्त्रियांना काबुकीच्या रंगमंचावर बंदी झाली होती आणि तेव्हापासून स्त्री-भूमिका पुरुषच करत आले होते. मराठीत आपण ज्यांना स्त्रीपार्ट करणारे नट म्हणू, त्यांची काबुकीत पिढ्यान्‌पिढ्यांची घराणी आहेत. सादायाक्को अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यांत अभिनेत्री म्हणून गाजून आली होती. स्वतःच्या देशात मात्र ती याच नाटकातून पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली.

मग लाल केसांचे टोप

रूपांतराच्या या परंपरेला कंटाळलेल्या सुशिक्षित पिढीला ‘खरा’ शेक्सपिअर हवा होता. काबुकीपासून फारकत घेऊन पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीने नाटक करणाऱ्या चळवळीला ‘शिंगेकी’ म्हणजे नवे नाटक म्हणतात, आणि त्सुबोउचींचा १९११ चा ‘हॅम्लेट’ हा तिच्या आरंभीच्या टप्प्यांपैकी एक होता. गंमत अशी, की त्सुबोउचींची स्वतःची सुरुवात अगदी दुसऱ्या टोकाला झाली होती. १८८४ साली त्यांनी ‘ज्युलियस सीझर’ बाहुली-नाट्याच्या गेय कथनशैलीत उतरवले होते. पुढे त्यांनी शेक्सपिअरची सर्व नाटके एकट्याने भाषांतरित केली. ते काम १९२८ साली पूर्ण झाले, आणि त्याच वर्षी वासेदा विद्यापीठात त्यांच्या गौरवार्थ नाट्यसंग्रहालय उभे राहिले. ती इमारत एलिझाबेथकालीन लंडनच्या फॉर्च्युन नाट्यगृहाच्या धर्तीवर बांधलेली असून आजही पाहता येते. त्सुबोउची मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. आपली भाषा काबुकीच्या वळणाची आणि जुनाट झाली आहे, हे जाणवून त्यांनी १९३५ साली झालेल्या मृत्यूपर्यंत सगळी भाषांतरे पुन्हा तपासून नव्याने छापली.

शिंगेकीच्या रंगमंचावर नट पाश्चात्त्य पोशाख करत, तांबूस किंवा सोनेरी केसांचे टोप घालत, नाकही चिकटवून उंच करत. अशा नाटकांना लोकांनी ‘लाल केसांची नाटके’ असे थोडे चेष्टेचे नाव दिले. त्यात शब्दांशी इमान होते, वेशाशी होते, इंग्लंडमधल्या प्रयोगांच्या हालचालींशीही होते. पण नटाच्या देहाचे काय? ज्याला लहानपणापासून जमिनीवर बसायची सवय आहे आणि आदर दाखवण्यासाठी कमरेतून वाकायची रीत ज्याच्या अंगात मुरली आहे, तो नट गुडघ्यापर्यंत मोजे घालून हस्तचुंबन घेऊ लागला की प्रेक्षकाला पात्र दिसायचे थांबते आणि सोंग दिसू लागते. सोसेकींची तक्रार मूलतः शेक्सपिअरच्या काव्यभाषेबद्दल होती. मला ती या टोपांना अधिक लागू पडते असे वाटते.

भाषेचे त्रांगडे

इंग्रजीत राजपुत्र स्वतःला जे सर्वनाम वापरतो तेच कबर खणणाराही वापरतो. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून समोरच्याचे स्थान कळते, पण बोलणारा स्वतःला बहुधा ‘मी’च म्हणतो. जपानीत ‘मी’साठीसुद्धा अनेक शब्द आहेत. ‘वाताशी’ सभ्य आणि सर्वसाधारण, ‘बोकु’ मुलांचा आणि तरुण पुरुषांचा, ‘ओरे’ रांगडा, ‘वाशी’ म्हाताऱ्या पुरुषाचा. तेव्हा हॅम्लेट स्वतःला काय म्हणतो, हे ठरवल्याशिवाय भाषांतरकाराला पहिले वाक्यही लिहिता येत नाही, आणि ते ठरवले की हॅम्लेटचे वय, स्वभाव आणि माज यांबद्दलचे अर्धे निर्णय होऊन जातात. आईशी, मित्राशी आणि काकाशी बोलताना तो कोणत्या पातळीवरचे आदरार्थी क्रियापद वापरतो, हे पुढचे प्रश्न. शेक्सपिअरने जे नटावर सोपवले होते ते जपानीत आधीच संहितेत ठरून येते.

याचा सर्वांत मोठा परिणाम स्त्रीपात्रांवर झाला. मात्सुओका काझुको या शेक्सपिअरची सर्व नाटके जपानीत आणणाऱ्या पहिल्या स्त्री. त्यांचे हे काम २०२१ साली पूर्ण झाले. आधीच्या पुरुष भाषांतरकारांनी ज्युलिएटसारख्या पात्रांच्या तोंडी गरजेपेक्षा जास्त नम्र, लीन भाषा घातली होती, असे त्यांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे. मुळात ज्युलिएट रोमिओशी बरोबरीच्या नात्याने बोलते. लग्नाचा विषयही तीच काढते. जपानीत मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून बोलत आली. पूर्वीच्या भाषांतरकारांना इंग्रजी येत नव्हते असे नाही. ‘चांगल्या घरातली मुलगी असेच बोलणार’ हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि व्याकरणाने त्या गृहीतकाला जागा करून दिली.

दुसरी अडचण सर्वांना ठाऊक असलेल्या स्वगताची. हॅम्लेटचा प्रसिद्ध प्रश्न ज्या क्रियापदावर उभा आहे ते असणे, जगणे, टिकणे या सगळ्या अर्थांना एकदम कवेत घेते. जपानीत सजीवाच्या असण्याला एक क्रियापद आणि निर्जीवाच्या असण्याला दुसरे, त्यामुळे तो प्रश्न जसाच्या तसा विचारताच येत नाही. प्रत्येक भाषांतरकाराला एक अर्थ उचलून बाकीचे सोडावे लागतात. फुकुदा त्सुनेआरी यांनी सरळ जीवन की मृत्यू असे विचारले. ओदाशिमा युशी यांचा हॅम्लेट ‘हे असेच चालू द्यायचे, की नाही?’ अशा अर्थाचे बोलतो, आणि त्याबरोबर आत्महत्येचा विचार मागे सरून परिस्थिती बदलण्याचा विचार पुढे येतो. मात्सुओकांच्या भाषांतरात जिवंत राहून इथेच थांबायचे की नाहीसे व्हायचे, असा प्रश्न आहे. ‘जगावे की मरावे’ या वळणाचे जे वाक्य जपानमध्ये शाळकरी मुलांनाही पाठ असते, ते मात्र पूर्ण नाटकाच्या कोणत्याही छापील भाषांतरात तोवर आलेलेच नव्हते, हे कावाई शोइचिरो यांनी २००३ साली स्वतःचे भाषांतर करताना दाखवून दिले आणि मुद्दाम तेच वाक्य घेतले.

छंदाचा प्रश्न मी थोडक्यात उरकतो, कारण त्यावर समाधानकारक उत्तर कोणालाच सापडलेले नाही. शेक्सपिअरच्या ओळी आघातांवर चालतात. जपानीत तसे आघात नाहीत, अक्षरमात्रा मोजल्या जातात आणि सात-पाच मात्रांची चाल शतकानुशतके रुळलेली आहे. ती वापरली की सगळे काबुकीसारखे ऐकू येते. ती टाळली की गद्य हाती राहते. शिवाय भाषांतर मूळ संवादापेक्षा लांबते आणि प्रयोगाचा वेळ वाढतो. फुकुदांनी लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात रिचर्ड बर्टनचा ‘हॅम्लेट’ पाहिला, तेव्हा त्यांना सर्वांत जाणवला तो संवादांचा वेग. १९५५ साली त्यांनी स्वतःच्या भाषांतराने ‘हॅम्लेट’ बसवले तेव्हा अर्थापेक्षाही वाक्याची गती आणि त्यातून निघणारी नटाची हालचाल यांवर भर दिला. मराठीसारखेच जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे इंग्रज नट ज्या शब्दावर तलवार उपसतो तो शब्द जपानी नटाच्या तोंडी उशिरा येतो. भाषांतरकाराला असा क्रम जुळवत बसावे लागते. ओदाशिमांनी याच पद्धतीने विनोदही सोडवले. मूळ कोटीचा अर्थ सांगण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी त्या जागी नवी जपानी कोटी केली, आणि जिथे पूर्वी प्रेक्षक तळटीप ऐकल्यासारखे गप्प बसत तिथे ते हसू लागले.

ओदाशिमांची ही चपळ, बोलकी भाषा देगुची नोरिओ यांच्या नाटक मंडळीने उचलली. १९७५ ते १९८१ या काळात त्यांनी टोकियोच्या शिबुया भागातील ‘जाँ-जाँ’ नावाच्या तळघरातल्या चिमुकल्या नाट्यगृहात शेक्सपिअरची सर्वच्या सर्व ३७ नाटके केली. नट जीन्स आणि टी-शर्टमध्ये असत. नेपथ्य जवळजवळ नव्हतेच. टोप गेले, नाके गेली, आणि शेक्सपिअर पाठ्यपुस्तकातून उठून तरुण प्रेक्षकांच्या शेजारी येऊन बसला.

देवघराच्या दारांतून मॅकबेथ

दिग्दर्शक निनागावा युकिओ यांचे नाव न घेता हा विषय पुढे सरकत नाही. १९८० साली टोकियोच्या निस्सेई थिएटरमध्ये त्यांनी ‘मॅकबेथ’ बसवले. प्रयोगाच्या सुरुवातीला दोन म्हाताऱ्या बायका प्रेक्षागृहातून चालत येतात आणि रंगमंचाची भली मोठी दारे उघडतात. ती दारे असतात ‘बुत्सुदान’ची, म्हणजे जपानी घरात पूर्वजांच्या स्मरणासाठी ठेवलेल्या बौद्ध देव्हाऱ्याची. संपूर्ण नाटक त्या अवाढव्य देव्हाऱ्याच्या आत घडते, आणि त्या दोघी रंगमंचाच्या दोन कडांना बसून शेवटपर्यंत जेवतात, शिवतात, रडतात. पात्रांचे वेश सोळाव्या शतकातल्या सामुराईंचे आहेत. चेटकिणी काबुकीतल्या स्त्रीपार्टाच्या ढंगात पुरुषांनी केल्या होत्या. बर्नमचे जंगल चालून येते ते चेरीच्या फुललेल्या फांद्या घेऊन. पार्श्वसंगीतात मात्र फॉरे या फ्रेंच संगीतकाराची मृतांसाठीची प्रार्थना आहे.

आता यात काय बदलले नाही ते पाहा. पात्रांची नावे मॅकबेथ, डंकन, बँको हीच आहेत, स्कॉटलंड स्कॉटलंडच आहे आणि संवाद ओदाशिमांच्या भाषांतरातले आहेत. सामुराईच्या वेशातला माणूस ‘मी कॉडॉरचा सरदार’ म्हणतो आणि कोणालाही ते खटकत नाही. ‘ऑथेल्लो’च्या १९०३ च्या प्रयोगात नाव, गाव, काळ सगळे पालटले होते. निनागावांनी कान परका ठेवला आणि डोळा घरचा केला. आपल्या घरच्या देव्हाऱ्यासमोर हात जोडताना ही कल्पना सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. तिथे बसले की गेलेल्यांशी बोलणे होते. मग मॅकबेथचे खून हे कोणा परक्या देशातल्या राजाचे न राहता आपल्याच पूर्वजांचे असू शकतात. चेरीचे फूलही शोभेपुरते आलेले नाही. ऐन बहरात गळून पडणारे हे फूल जपानी कवितेत सौंदर्याबरोबर मरणाचीही आठवण करून देते, आणि सामुराईच्या अल्पायुष्याशी त्याचे नाते जुने आहे.

या प्रयोगावर एक आक्षेप कायम घेतला गेला, की हा पाश्चात्त्यांना भुरळ घालण्यासाठी सजवलेला जपान आहे. १९८५ साली एडिंबराला आणि १९८७ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये प्रयोग गाजल्यावर तो आक्षेप अधिकच धारदार झाला. आपण हे जपानी प्रेक्षकांना समजावे म्हणूनच केले, असे निनागावा सांगत राहिले. तारखा त्यांच्या बाजूने आहेत. परदेशवारीच्या पाच वर्षे आधी हे नाटक टोकियोत आले होते. तरी आक्षेपात काहीच तथ्य नाही असेही मी म्हणणार नाही, कारण देव्हाऱ्याचा अर्थ न कळलेला प्रेक्षकसुद्धा त्या फुलांनी दिपून जातो, आणि हे त्यांच्यासारख्या चतुर दिग्दर्शकाला कळत नव्हते असे मानणे अवघड आहे.

माझ्या मते त्यांची सर्वांत नेमकी कल्पना १९८७ च्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये होती. हे नाटक सादो बेटावर चाललेली नो-नाट्याची, म्हणजे मुखवट्यांच्या प्राचीन जपानी नाट्यप्रकाराची, तालीम म्हणून त्यांनी मांडले. नो परंपरेचा थोर नट आणि सिद्धांतकार झेआमी याला १४३४ साली, सत्तरी उलटल्यावर, याच बेटावर हद्दपार करण्यात आले होते. बेटावर टाकलेला, मंत्रांऐवजी नाट्यकलेच्या बळावर भुते उभी करणारा म्हातारा म्हटल्यावर नाटकातला जादूगार प्रॉस्पेरो आणि झेआमी एकमेकांत मिसळायला वेगळे काही करावे लागत नाही. प्रॉस्पेरोने जादू सोडणे आणि दिग्दर्शकाने रंगमंच सोडणे ही एकच कृती होते.

१९९८ पासून निनागावांच्या नेतृत्वाखाली साईतामा येथील नाट्यगृहात शेक्सपिअरची सर्व नाटके करण्याचा उपक्रम सुरू झाला. मात्सुओकांची बरीच भाषांतरे याच उपक्रमासाठी झाली. मात्सुओका तालमींना बसत, नटांच्या शंका ऐकत आणि त्यानुसार ओळी बदलत. निनागावा २०१६ साली वारले, पण नट योशिदा कोतारो यांनी उपक्रम पुढे चालवला. यातल्या पात्रयोजनेत चित्रवाणीवरचे लोकप्रिय तरुण चेहरे मुद्दाम घेतले जात. अभ्यासकांनी त्यावर नाके मुरडली तरी त्यामुळे एरवी शेक्सपिअरच्या वाटेला न जाणारा प्रेक्षक तिकीट काढून येत असे. २००३ साली निनागावांनी फुजिवारा तात्सुया या २१ वर्षांच्या नटाला हॅम्लेट केले, तेव्हा निदान त्या राजपुत्राचा पोरवयातला संताप खरा वाटायला अडचण नव्हती.

जुने प्रकार, नवे काम

जपानचे पारंपरिक नाट्यप्रकार हे नुसते वेश आणि मुखवटे नव्हेत; प्रत्येकाला त्याचे व्याकरण आहे, आणि प्रत्येक नाटक प्रत्येक प्रकारात बसत नाही. क्योगेन हा नोच्या जोडीने सादर होणारा छोटा विनोदी प्रकार. रिकामा रंगमंच, मोजकी पात्रे आणि मालकाला फसवणारे नोकर, ही त्याची सामग्री. ताकाहाशी यासुनारी यांनी ‘द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’वरून १९९१ साली क्योगेन रचले, तेव्हा फॉल्स्टाफचे त्यांनी बढाईखोर सामुराई केले आणि त्याच्या नोकरांना क्योगेनमधली ठरीव नावे, तारोकाजा आणि जिरोकाजा, दिली. उपकथानके उडवली आणि तासाभराचे घट्ट नाटक उरले. मूळ नाटकाची वीण सैल आहे, असे ज्यांना वाटते (मला वाटते) त्यांना हे रूपांतर मुळाहून सरस वाटू शकेल. ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’चे क्योगेन नोमुरा मान्साई यांनी २००१ साली केले. जुळ्यांना मुखवटे दिल्यामुळे दोन नट एकसारखे कसे दिसावेत, ही त्या नाटकाची कायमची डोकेदुखीच संपली.

काबुकीने दुसरीच गोष्ट साधली. २००५ साली काबुकी-झा या मुख्य नाट्यगृहात निनागावांनी ‘ट्वेल्फ्थ नाइट’ बसवले, आणि जुळी बहीण व जुळा भाऊ या दोन्ही भूमिका ओनोए किकुनोसुके या एकाच नटाने केल्या. काबुकीत क्षणार्धात वेश बदलण्याचे तंत्र अनेक पिढ्यांनी घोटलेले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुरुष नट स्त्री होतो आणि ती स्त्री पुन्हा पुरुषवेश घेते. शेक्सपिअरच्या काळी मुलींच्या भूमिका मुलगेच करत, त्यामुळे व्हायोलाची, म्हणजे त्या जुळ्या बहिणीची, गंमत अशा दुहेरी सोंगावरच बेतलेली होती. अभिनेत्रीने ही भूमिका केली की त्यातला एक पदर हरवतो. टोकियोत तो अनायास परत मिळाला.

सगळेच इतके जुळत नाही. हॅम्लेट प्रार्थना करणाऱ्या काकाला मारायचे टाळतो, कारण प्रार्थनेत मेलेला माणूस स्वर्गात जाईल. ही ख्रिस्ती धारणा ज्या प्रेक्षकाची नाही त्याला तो केवळ चालढकल करताना दिसतो. बापाचे भूत मात्र अजिबात परके नाही, कारण नो आणि काबुकी अतृप्त आत्म्यांनी भरलेले आहेत. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ पाहताना चिकामात्सु या नाटककाराच्या १७०३ सालच्या नाटकापासून चालत आलेली प्रेमी युगुलांच्या एकत्र आत्महत्येची परंपरा प्रेक्षकाच्या मनात असते. पण तिथे दोघे ठरवून, बरोबर मरतात. इथे एक निरोप चुकतो. जपानी दिग्दर्शकाला हा फरक राखण्यासाठी झगडावे लागते, नाहीतर शेवटचा प्रवेश नशिबाचा खेळ न राहता व्रतासारखा भासू लागतो.

दिग्दर्शक सुझुकी तादाशी यांनी असल्या जुळवाजुळवीचा प्रयत्नच केला नाही. तोयामा भागातील तोगा या डोंगराळ खेड्यात त्यांची मंडळी काम करते. १९८४ साली तिथे त्यांनी ‘किंग लिअर’ एका रुग्णालयात एकाकी पडलेल्या म्हाताऱ्याच्या मनात घडवले. शेजारी परिचारिका पुस्तक वाचत बसलेली असते आणि मधूनच हसते. देश, काळ, राज्य यांपैकी काहीच रूपांतरित करावे लागत नाही, कारण उरते ते एका डोक्यातले वादळ. आणि या सगळ्या खटाटोपाची खुशाल टर उडवणारे नाटकही जपानमध्येच लिहिले गेले. इनोउए हिसाशी यांनी १९७४ साली शेक्सपिअरच्या ३७ही नाटकांचे धागे एकोणिसाव्या शतकातल्या गुंडांच्या एकाच कथेत कोंबले, आणि हॅम्लेटच्या त्या स्वगताची एकामागून एक आलेली भाषांतरे नायकाच्या तोंडी ओळीने घातली.

हे प्रयोग इंग्लंडला जातात तेव्हा हिशेब उलटा होतो. तिथल्या प्रेक्षकाला नाटक पाठ असते आणि भाषा कळत नसते. मग संवाद समजावेत म्हणून रंगमंचावर लावलेल्या पाटीवर काय दाखवायचे? मूळ इंग्रजी ओळी दाखवल्या तर नट साध्या, आजच्या जपानीत बोलत असताना प्रेक्षक चारशे वर्षांपूर्वीचे काव्य वाचत राहतो आणि भाषांतरकाराने केलेली प्रत्येक निवड पुसली जाते. जपानीचे पुन्हा इंग्रजी करून दाखवले तर त्याला ते फिके, निकृष्ट वाटते. २०१२ साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाने ३७ नाटके ३७ भाषांत बोलावली, तेव्हा संवाद दाखवायचेच नाहीत, फक्त प्रवेशाचा सारांश द्यायचा असे ठरले. जपानकडून मिउरा मोतोई यांची क्योटोची ‘चितेन’ ही मंडळी ‘कोरिओलेनस’ घेऊन गेली होती. वाक्ये तोडणे, शब्द भलत्या ठिकाणी ताणणे, रोजच्या जपानी बोलण्याची लय मोडणे ही या मंडळीची खासियत आहे. प्रेक्षकांचे डोळे पाटीवरून नटांकडे वळले हे खरे; पण भाषेची ही मोडतोड त्यांच्यातल्या बहुतेकांना परभाषेच्या नेहमीच्या आवाजापेक्षा वेगळी ओळखू येण्याची सोय नव्हती.